खाणीत नवा आलेला माणूस: विटवॉटर्सरँडच्या न्युमोनियाचं प्रकरण

डिसेंबर 1913 मध्ये विल्यम क्रॉफर्ड गॉर्गस हे अमेरिकी लष्करी डॉक्टर जोहान्सबर्गला पोहोचले. पनामा कालव्याच्या कामावर पीतज्वर आणि मलेरिया आटोक्यात आणल्यामुळे जगभर त्यांचं नाव झालेलं होतं. सोन्याच्या खाणींच्या मालकांनी त्यांना इतक्या लांबून बोलावलं ते मात्र डासांसाठी नव्हे. खाणींतले मजूर न्युमोनियाने मरत होते. इतके, की त्याच वर्षी सरकारने 22 अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेकडून, म्हणजे आजचा मलावी, झांबिया आणि मोझांबिकचा उत्तर भाग इथून, मजूर आणायलाच बंदी घातली होती.

मरणारे म्हातारे नव्हते आणि लेकरंही नव्हती. विशी-तिशीतले, भरतीच्या वेळी डॉक्टरने छाती तपासून निवडलेले गडी होते ते. न्युमोनिया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक तर पाळण्यातलं बाळ येतं, नाही तर पंचाहत्तरीचे आजोबा. हातापायाने धड, कमावता माणूस येत नाही. प्रौढांमधल्या जिवाणूजन्य न्युमोनियाचा बोजा समजून घ्यायचा तर हेच प्रकरण नीट वाचावं असं मला वाटतं, ते याच कारणाने. वय, मधुमेह, जुना दमा ही नेहमीची कारणं इथे बरीचशी बाजूला पडतात. मग दिसतो तो जिवाणू, आणि माणसाला कुठे व कसं ठेवलं आहे ते.

आजचा हिशेबही सांगून ठेवतो. 2021 सालच्या जागतिक रोगभाराच्या अंदाजानुसार फुप्फुसांच्या संसर्गाने जगभरात सुमारे 21.8 लाख माणसं गेली. त्यांत पाच वर्षांखालची मुलं 5 लाखांच्या आसपास. म्हणजे चारांतले तीन मृत्यू त्यापुढच्या वयातले. जिवाणूंमध्ये सर्वांत मोठा वाटा न्युमोकोकसचा, पाच लाखांहून थोडे अधिक मृत्यू. रँडच्या खाणींत मारणारा जिवाणूही मुख्यतः हाच होता.

(रँड म्हटल्यावर मराठी वाचकाला पुण्याच्या प्लेगमधला कमिशनर आठवणार. इथे त्याचा संबंध नाही. विटवॉटर्सरँड म्हणजे ‘पांढऱ्या पाण्याची कड’, जोहान्सबर्गजवळचा डोंगरकणा. 1886 मध्ये तिथे सोनं सापडलं.)

वस्ती

सोनं होतं, पण खोल आणि विरळ. टनावारी दगड फोडावा तेव्हा काही ग्रॅम हाती येणार. म्हणजे माणसं प्रचंड लागणार, आणि ती स्वस्त हवीत. खाणमालकांनी मिळून भरतीसाठी स्वतंत्र संस्था काढली. दक्षिण मोझांबिकमधून, बासुटोलँडमधून (आजचा लेसोथो), मग आणखी उत्तरेकडून माणसं आणली जाऊ लागली. 1904 पासून काही वर्षं चीनमधून साठ हजारांवर मजूर आणले होते. ते परत पाठवल्यावर उत्तरेकडच्या भरतीवरचा भर आणखी वाढला. 1910 च्या सुमारास खाणींत आफ्रिकी मजुरांची संख्या दोन लाखांच्या आसपास होती.

हे मजूर बायकापोरांना गावी ठेवून करारावर येत. काही महिने किंवा वर्ष-दीड वर्ष काम करायचं, पैसे घेऊन परतायचं. राहायचं ते कंपाउंडमध्ये: मधोमध अंगण, सभोवार खोल्या, जाण्यायेण्यासाठी एकच दरवाजा. एकेका खोलीत वीस-तीस, कधी त्याहून जास्त माणसं. भिंतीला लागून एकावर एक असे लाकडी किंवा सिमेंटचे ओटे, मध्ये कोळशाची शेगडी. गिरणगावातला दहा बाय दहाचा गाळा आणि त्यात पाळीपाळीने झोपणारे गावकरी ज्यांनी ऐकले-पाहिलेत, त्यांना ही खोली डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही.

खाणीत खाली उकाडा आणि घाम, वर पावणेदोन हजार मीटर उंचीवरची हिवाळी पहाट. घामाने भिजलेला गडी पिंजऱ्यातून वर यायचा आणि थंड वाऱ्यात उभा राहायचा. त्या काळच्या बऱ्याच डॉक्टरांनी दोष या गारठ्यालाच दिला. दुसरं लाडकं कारण म्हणजे ‘उष्ण प्रदेशातल्या काळ्या माणसाची छातीच नाजूक’. हे कारण मालकांच्या सोयीचं होतं. दोष माणसाच्या रक्तात असला की खोलीला हात लावावा लागत नाही.

दुखणं कसं यायचं? एकदम. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून पडायचा. कुशीत सुरी खुपसल्यासारखी कळ, श्वास तोकडा, आणि खोकताना गंजाच्या रंगाचा बेडका. औषध नव्हतं. सातव्या ते नवव्या दिवशी एक तर दरदरून घाम फुटून ताप उतरायचा, नाही तर माणूस जायचा.

नवा माणूस

या प्रकरणाची किल्ली एका निरीक्षणात आहे. आजार सगळ्यांना सारखा होत नव्हता. तो नव्या माणसाला गाठायचा. खाणीत येऊन काही आठवडे किंवा पहिले काही महिने झालेल्यांत न्युमोनिया सर्वांत जास्त, जुन्या गड्यांत पुष्कळ कमी.

याचं कारण आज सांगता येतं. न्युमोकोकस हा एक जिवाणू नाही, ते एक मोठं कुळ आहे. प्रत्येकाच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं कवच, आणि त्या कवचाचे आज शंभरावर प्रकार माहीत आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याच्या फारशी कामाला येत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या नाका-घशात हा जिवाणू अधूनमधून मुक्काम करतो आणि काही न करता निघून जातो. दूरच्या वाडीतून आलेल्या तरुणाची ओळख त्याच्या गावातल्या चार-दोन प्रकारांशीच झालेली असे. कंपाउंडच्या एका खोलीत दहा मुलखांतली माणसं, म्हणजे दहा मुलखांतले प्रकार. त्यात भर दगडाच्या धुळीची, थकव्याची, सर्दीपडशाची. घशातला पाहुणा फुप्फुसात उतरायला एवढं पुरे.

जो तगला, त्याची त्या प्रकारांशी ओळख झाली, तो जुना झाला. पण करार संपला की तो घरी जाई आणि त्याच्या ओट्यावर दुसरा नवा माणूस येई. मजूर टिकू न देणारी पद्धतच अशी होती की आजाराला रोज ताजं इंधन मिळावं. गाव वसवून तिथेच माणसं राहू दिली असती, तर साथीचा जोर काही वर्षांत आपोआप ओसरला असता, असं मला वाटतं. इथे तो ओसरण्याची सोयच नव्हती.

सुई

1911 मध्ये मालकांनी लंडनहून सर अल्मरॉथ राइट यांना बोलावलं. विषमज्वराची लस करणारे हे शास्त्रज्ञ, भारताला अगदीच अनोळखी नव्हते. 1898 साली नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाचे ते सदस्य होते, आणि मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस कशी दिली हे त्या आयोगाने तपासलं होतं. हाफकिन यांची पहिली मोठी चाचणी जानेवारी 1897 मध्ये भायखळ्याच्या तुरुंगात झाली. तुरुंग, छावणी, कंपाउंड: माणसं मोजता येतात, पळून जात नाहीत. लशींचा इतिहास या जागांनी भरलेला आहे, आणि तो वाचताना ही गोष्ट नजरेआड करू नये.

राइट यांनी मारलेल्या न्युमोकोकसची लस हजारो मजुरांना दिली. एकूण आकडा पन्नास हजारांच्या घरात गेला. त्यांनी फायदा झाल्याचं सांगितलं. पुढे आकडे तपासले गेले तेव्हा तो फायदा टिकाऊ ठरला नाही. मोठी उणीव ही की न्युमोकोकसच्या प्रकारांचा विचार त्यांनी केलाच नव्हता. लशीत असलेले प्रकार आणि खोलीत फिरणारे प्रकार जुळतात का, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

तो प्रश्न घेतला स्पेन्सर लिस्टर यांनी. 1912 मध्ये सरकार आणि खाणमालक यांनी मिळून जोहान्सबर्गला वैद्यकीय संशोधन संस्था काढली होती, लिस्टर तिथले. त्यांनी आजारी मजुरांच्या थुंकीतले आणि रक्तातले न्युमोकोकस वेगळे करून त्यांचे गट पाडले आणि खाणींत जे गट जास्त सापडतात त्यांचीच लस बनवली. विचार बरोबर होता, आजच्या लशीही त्याच वाटेने बनतात. पण लिस्टर यांच्या चाचण्यांत लस घेतलेले आणि न घेतलेले यांची नीट तुलना होईल अशी मांडणी नव्हती, त्यामुळे उत्तर अर्धवट राहिलं.

जागा

गॉर्गस यांनी वेगळंच सांगितलं. पनामात त्यांना न्युमोनिया भेटला होता. तिथेही वेस्ट इंडीजमधून आलेले मजूर बराकीत दाटीवाटीने राहायचे आणि न्युमोनियाने मरायचे. मग त्यांना बराकीबाहेर स्वतःच्या झोपड्या बांधायची, बायकापोरं आणायची मुभा मिळाली, माणसं पांगली आणि न्युमोनिया झपाट्याने खाली आला. खाणींत फिरून, खोल्या मोजून त्यांनी तोच सल्ला दिला. माणशी जागा वाढवा, आणि त्याहून चांगलं म्हणजे माणसांना कुटुंबासह स्वतंत्र घरांत राहू द्या.

पहिल्या सल्ल्यातला काही भाग मानला गेला. पनामात गॉर्गस यांच्याबरोबर काम केलेले डॉ. ओरेनस्टाइन 1914 मध्ये एका मोठ्या खाणसमूहाचे आरोग्यप्रमुख म्हणून आले आणि त्यांनी खोल्या, रुग्णालयं, स्वच्छता यांत बरीच सुधारणा केली. मृत्यू पुढच्या वर्षांत कमी होत गेले. दुसरा सल्ला, कुटुंबासह राहू देण्याचा, कोणी मनावर घेतला नाही. माणूस कुटुंबासह आला की त्याला कुटुंब पोसण्याएवढी मजुरी द्यावी लागते. एकटा आला की त्याची बायको गावी शेत पिकवून मुलांना वाढवते आणि तो खर्च खाणीच्या वहीत येत नाही. सुई स्वस्त पडते, घर महाग. म्हणून मालकांचा ओढा लशीकडे राहिला. यात लस बनवणाऱ्यांच्या हेतूवर शंका घ्यायची गरज नाही. त्यांनी मनापासून काम केलं. पण एकाच आजाराच्या दोन उपायांपैकी कोणता उचलला जातो हे फुप्फुसं ठरवत नाहीत.

दाटीचा हा परिणाम मुंबईनेही पाहिला आहे. 1918 च्या साथीत बहुतेक बळी नुसत्या इन्फ्लुएन्झाने गेले नाहीत, त्यावर चढलेल्या जिवाणूंच्या न्युमोनियाने गेले, असं जतन केलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांच्या 2008 मधल्या अभ्यासातून पुढे आलं. मुंबई शहरात त्या साथीतला मृत्युदर युरोपियनांमध्ये हजारी 8.3 होता, आणि सरकारी वर्गवारीत ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटलं होतं त्यांच्यात हजारी 61.6. एकच शहर, एकच महिना, एकच रोग.

औषध आल्यावर

1938 मध्ये सल्फापिरिडीन आलं, मग पेनिसिलीन. ज्या आजारात सातव्या दिवसाची वाट पाहत बसावं लागे, तो दोन दिवसांत उतरू लागला. डॉक्टरांचा आनंद समजण्यासारखा आहे. पण त्या आनंदात एक चूक झाली. 1945 मध्ये अमेरिकी सैनिकांवरच्या चाचणीत कवचाच्या साखरेपासून बनवलेली लस उपयोगी ठरली होती आणि ती बाजारातही आली होती. ती कोणी घेईना. उत्पादक कंपनीने 1954 मध्ये परवाना परत केला. न्युमोकोकसचा प्रकार ओळखण्याचं काम प्रयोगशाळांनी सोडून दिलं. आणि तपासणं बंद झालं की सापडणंही बंद होतं. पुढे लोक म्हणू लागले की हा आजार आता राहिला नाही.

रॉबर्ट ऑस्ट्रियन या अमेरिकी डॉक्टरांनी हे मानलं नाही. 1952 पासून न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी रुग्णालयात ते प्रत्येक न्युमोनियाच्या रुग्णाचा जिवाणू शोधत बसले. दहा वर्षं. सहकाऱ्यांना तो छंद वाटला असेल. 1964 मध्ये त्यांनी आणि जेरोम गोल्ड यांनी जे छापलं ते आजही वॉर्डात काम करणाऱ्याने वाचावं असं आहे. न्युमोकोकस रक्तात उतरलेल्या रुग्णांपैकी पूर्वी उपचाराविना पाचांतले चार मरायचे. पेनिसिलीन देऊनही सुमारे सहांतला एक मरतच होता. त्याहून महत्त्वाचं हे: दुखण्याच्या पहिल्या पाच दिवसांत जे मरणार होते, त्यांना पेनिसिलीनने जवळजवळ काहीच फरक पडत नव्हता. जिवाणू मरत होता, पण फुप्फुसाचं आणि शरीराचं नुकसान आधीच होऊन गेलेलं असे.

‘वेळेवर आणलं असतं तर’ हे वाक्य आपण रुग्णालयाच्या पायऱ्यांवर किती वेळा ऐकतो. ते पुष्कळदा खरं असतं. पण या आकड्यांचा अर्थ असा की काही माणसांच्या बाबतीत वेळेवर आणूनही उपयोग नसतो. त्यांना वाचवायचं तर आजार व्हायच्या आधी वाचवावं लागतं. मागे राहिलेल्या नातेवाइकांना कोणीतरी हे सांगायला हवं. उशीर केल्याचा अपराध अनेकजण उगाच जन्मभर वाहतात.

म्हणून ऑस्ट्रियन पुन्हा लशीकडे वळले. आणि चाचणीसाठी कुठे गेले? रँडला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, साठ वर्षांनंतरही, खाणीत नवा आलेला माणूस न्युमोनियाने पडतच होता. औषध असल्याने मृत्यू कमी झाले होते, आजार तसाच होता. नव्या मजुरांचे गट पाडले: काहींना न्युमोकोकसच्या 13 प्रकारांची लस, काहींना मेंदुज्वराची, काहींना लशीविना नुसतं इंजेक्शन. लशीतल्या प्रकारांमुळे होणारा न्युमोनिया 78.5 टक्क्यांनी घटला. रक्तात उतरलेला संसर्ग 82.3 टक्क्यांनी. या निकालांच्या बळावर 1977 मध्ये अमेरिकेत 14 प्रकारांच्या लशीला परवाना मिळाला आणि 1983 मध्ये 23 प्रकारांची आली. आज आपल्याकडे पासष्टी ओलांडलेल्यांना किंवा प्लीहा काढलेल्यांना डॉक्टर ‘तेवीसची’ लस लिहून देतात, ती हीच.

या चाचणीचा आकार बघा. काही हजार मजूर पुरले. 2008 नंतर नेदरलँड्समध्ये पासष्टीपुढच्या प्रौढांत 13 प्रकारांच्या नव्या लशीची चाचणी झाली, तिला 84,496 माणसं लागली. सुमारे चार वर्षं वाट पाहून लशीतल्या प्रकारांचा न्युमोनिया सापडला तो लस घेतलेल्यांत 49 जणांना आणि न घेतलेल्यांत 90 जणांना. डच म्हाताऱ्यांत एवढी माणसं गोळा करून जे मोजावं लागलं, ते खाणीतल्या तरुणांत काही हजारांत दिसलं. प्रौढांच्या न्युमोनियाचा बोजा म्हणजे काय, हे मला या दोन आकड्यांतून जितकं कळलं तितकं कोणत्याही व्याख्येतून कळलं नाही.

वर्णभेदाच्या राज्यात करारावर आलेल्या त्या तरुणाला ‘मला सुई नको’ म्हणण्याची कितपत मुभा होती? मला तरी ती फारशी असेल असं वाटत नाही. त्या लशीने लस घेतलेल्यांचाही फायदा झाला, हे खरं. पण जिथे आजार इतका आहे की चाचणी झटपट होते, तिथे तो तितका का आहे हे विचारणं चाचणीइतकंच निकडीचं होतं.

परवाना मिळाला त्याच 1977 साली दक्षिण आफ्रिकेतूनच दुसरी बातमी आली. आधी डर्बनमध्ये आणि लगोलग जोहान्सबर्गमध्ये पेनिसिलीनला दाद न देणारे न्युमोकोकस सापडले. जोहान्सबर्गचे तर एकाच वेळी अनेक औषधांना पुरून उरणारे. खाणीतल्या लशीच्या चाचण्यांत काम केलेले कूर्नहॉफ हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ या शोधातही होते. पुढे एचआयव्ही आला आणि सिलिका धुळीने आधीच खरवडलेल्या फुप्फुसांत क्षयरोगाबरोबर न्युमोनियाही पुन्हा वाढला.

इथल्या घरी

भारतात लहान मुलांसाठी न्युमोकोकसची लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आणि 2021 मध्ये देशभर पोहोचली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या 10 प्रकारांच्या लशीला डिसेंबर 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. मुलांना लस मिळाली की घरातल्या आजी-आजोबांच्या घशापर्यंत जिवाणू कमी पोहोचतो, त्यामुळे हा लाभ एका पिढीचा नाही. प्रौढांची लस मात्र सरकारी कार्यक्रमात नाही, ती खिशातून घ्यावी लागते. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो बहुधा मोकळ्या घरात राहतो. ऊसतोडीच्या कोपीत, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत, वीटभट्टीवर दर हंगामाला नवी माणसं येऊन दाटीने झोपतात. त्यांच्यापर्यंत ना लस पोहोचते ना गॉर्गस यांचा सल्ला.

त्या सल्ल्याचं पुढे काय झालं, तेही नोंदवायला हवं. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपल्यानंतर, 2010 मध्ये सुधारलेल्या खाण-सनदेत कामगारांच्या वसतिगृहांसाठी एक अट घातली गेली: एका खोलीत एकच माणूस. त्यासाठी मुदत दिली होती 2014 पर्यंतची. गॉर्गस खोल्या मोजून गेले होते 1914 मध्ये.